कालप्रवासात्मक प्रेमकादंबरी
कालप्रवासात्मक प्रेमकादंबरी : कादंबरीचा एक आधुनिक प्रकार. प्रेमी युगुलातील एक वा दोन्ही व्यक्ती आपला काळ सोडून भूतकाळात किंवा भविष्यकाळात जातात, अथवा काळाच्या एकाच तुकड्यात पुनःपुन्हा अडकून पडतात, आणि त्यामुळे त्यांच्या मीलनात वा सहवासात उद्‌भवणारी अडचण हाच ज्या कादंबरीच्या कथानकाचा कणा असतो, तिला ही संज्ञा लावता येते. काळाच्या अशा आवर्तनाला इंग्रजीत टाइम लूप म्हणतात. येथे त्यासाठी ‘कालावर्त’ हा शब्द योजिला आहे. कालप्रवासाचे यंत्र आणि त्यातून निर्माण होणारी तार्किक कोडी ह्यांत रस घेणाऱ्या विज्ञानकादंबरीहून हा प्रकार वेगळा मानला पाहिजे. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) ह्या कादंबरीत सुदूर भविष्यकाळातील वीना ह्या कोवळ्या तरुणीची दोन फुले प्रवाशाच्या खिशात उरतात. पण तो कादंबरीतील एक हळवा उपप्रसंग आहे, तिचा विषय नव्हे.

कालप्रवासाच्या साधनाविषयी हे कादंबरीकार बहुधा बेफिकीर असतात. दीर्घ निद्रा, आत्मसंमोहन, एखादे औषध, उभ्या शिळांचे वर्तुळ, जनुकीय दोष अशी नाना साधने त्यांनी वापरली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचे स्पष्टीकरण दोनचार वाक्यांत उरकले आहे. शास्त्रशुद्ध भूमिका घेणारी उदाहरणे थोडी. जो हाल्डमन ह्याच्या ‘द फॉरएव्हर वॉर’ (१९७४) ह्या युद्धकादंबरीत प्रकाशवेगाच्या जवळपास जाणाऱ्या प्रवासामुळे नायक आणि त्याची प्रेयसी ह्यांच्या काळांत अंतर पडते, तेव्हा ती एका जुन्या अवकाशयानातून सतत ये-जा करीत आपले वय रोखून धरते आणि त्याची वाट पाहते. सापेक्षतेच्या सिद्धांताचा शृंगाराला लागलेला असा उपयोग विरळाच.

सर्वसामान्य प्रेमकादंबरीत प्रेमाच्या आड कुल, वर्ग, संपत्ती, वडीलधाऱ्यांचा विरोध किंवा गैरसमज येतो. हे अडथळे मनुष्यनिर्मित असल्यामुळे मनुष्याच्या प्रयत्नाने दूर होऊ शकतात. पाश्चात्त्य समाजात विवाहाविषयीची बंधने सैल होत गेली, तसतसे ते कथानकाला पुरेनासे झाले. काळाच्या अडथळ्यात खलपुरुष नसतो, त्याची समजूत घालता येत नाही आणि त्याला पाझरही फुटत नाही, हे त्याचे कथानकाच्या दृष्टीने मोठेच बळ. तथापि त्याचे खरे वैशिष्ट्य निराळे आहे. काळ ओलांडून आलेल्या माणसाला पुढे काय घडणार हे ठाऊक असते किंवा मागे काय घडले ते आठवत असते. ज्याच्यावर तो प्रेम करतो, त्याला त्यातले काहीच ठाऊक नसते. दोन प्रेमिकांच्या ज्ञानातील ही विषमता ह्या प्रकाराच्या मुळाशी आहे. समोरच्याला जे ठाऊक नाही, त्याच्या बळावर मिळविलेली त्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. ह्या कादंबऱ्यांचे मोल ठरविताना कल्पनेच्या नवलाईपेक्षा त्यांनी ह्या प्रश्नाचे काय केले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

काळाने विलग केलेल्या प्रेमिकांच्या कथा प्राचीन वाङ्‌मयातही आढळतात. पुराणांतील रेवतीची कथा परिचित आहे. तिच्यासाठी वर विचारण्यास ककुद्मी राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथील क्षणभराच्या मुक्कामात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली, असे भागवतपुराण सांगते. पुढे बलरामाशी तिचा विवाह झाला, तेव्हा युगांतराने उंचीत पडलेला फरक त्याने आपल्या नांगराने तिला खाली ओढून मिटविला, असे विष्णुपुराणात म्हटले आहे. युगायुगांचे अंतर असे एका हिसक्यात मिटविण्याचे धाडस आधुनिक कादंबरीकाराला झालेले नाही. मराठीत ज्या ग्रंथाच्या नावावरून ह्या साहित्यप्रकाराला ‘कादंबरी’ हे नाव पडले, ती बाणभट्टाची ‘कादंबरी’ (सातवे शतक) हीदेखील जन्मांतरे ओलांडणाऱ्या प्रेमाचीच कथा होय. पण पुनर्जन्माच्या कथेत विस्मृती सर्वांना सारखीच ग्रासते आणि शापमुक्तीच्या वेळी स्मृतीही सर्वांना परत मिळते. कालप्रवासाच्या कथेत एकालाच आठवते. दोन्हींचे बाह्य रूप सारखे वाटले, तरी त्यांच्यातील हा भेद मूलगामी आहे.

आधुनिक प्रकाराची पूर्वचिन्हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दिसतात. एडवर्ड बेलामी ह्याची ‘लुकिंग बॅकवर्ड’ (१८८८) ही समाजवादी आदर्शराज्याचे चित्र रंगविणारी कादंबरी म्हणून गाजली. परंतु तिच्यातील प्रेमकथा दुर्लक्षिण्याजोगी नाही. १८८७ साली झोपी गेलेला ज्यूलिअन वेस्ट इ. स. २००० मध्ये जागा होतो आणि ईडिथ लीट हिच्या प्रेमात पडतो. ती आपल्याच वाग्दत्त वधूची पणती आहे, हे त्याला शेवटी कळते. त्याने आपल्या पणजीला लिहिलेली पत्रे वाचून ईडिथ मात्र त्याच्यावर आधीपासूनच अनुरक्त असते. बेलामीने ह्या विषमतेतून एक सुखद रहस्य निर्माण केले आणि ते तेथेच सोडून तो अर्थव्यवस्थेच्या विवेचनाकडे वळला. मार्क ट्वेनच्या ‘अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ (१८८९) मधील नायक सहाव्या शतकात विवाह करतो. त्याची पत्नी सँडी ही त्याने झोपेत उच्चारलेले शब्द त्याच्या जुन्या प्रेयसीचे नाव समजून मोठ्या मनाने आपल्या मुलीला तेच नाव देते. वस्तुतः ते शब्द दूरध्वनी-केंद्राला हाक मारण्याचे असतात. हा विनोदी प्रसंग ह्या प्रकारातील अनेक गंभीर प्रकरणांपेक्षा अधिक बोलका आहे.

हेन्री जेम्स ह्याची ‘द सेन्स ऑफ द पास्ट’ ही अपूर्ण कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे जॉन बॉल्डरस्टन ह्याने लिहिलेले ‘बर्कली स्क्वेअर’ (१९२६) हे नाटक ह्या प्रकाराच्या विकासात महत्त्वाचे ठरले. अठराव्या शतकात गेलेल्या त्यातील नायकाच्या तोंडून भविष्याची माहिती नकळत निसटत जाते आणि घरातील माणसे त्याला भिऊ लागतात. केवळ एक तरुणी त्याचे परकेपण ओळखूनही त्याच्यावर प्रेम करते. अधिक जाणणारा माणूस प्रेमास पात्र असण्यापूर्वी भयास पात्र असतो, ही जाणीव येथे प्रथम स्पष्टपणे व्यक्त झाली.

रॉबर्ट नेथन ह्याच्या ‘पोर्ट्रेट ऑफ जेनी’ (१९४०) ह्या छोटेखानी कादंबरीतील गरीब चित्रकाराला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक लहान मुलगी भेटते. काही आठवड्यांच्या अंतराने होणाऱ्या प्रत्येक भेटीत ती कित्येक वर्षांनी मोठी झालेली असते. त्याला गाठण्यासाठी ती आपले वय घाईघाईने ओलांडीत असते आणि अखेर समुद्रावरील वादळात ती त्याला अंतरते. ही कादंबरी मितभाषी आहे व तिचे मितभाषीपण हाच तिचा गुण आहे. चित्रकाराला तिच्यापासून जे मिळते ते एक चित्र. तिला काय मिळाले, हे मात्र नेथन विचारीत नाही. १९४८ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटामुळे ही कथा सर्वदूर पोहोचली.

साधारणतः १९७० च्या सुमारास अवघ्या सहा-सात वर्षांत ह्या प्रकारातील तीन लक्षणीय कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. डॅफ्ने द्यू मॉरिए हिच्या ‘द हाउस ऑन द स्ट्रँड’ (१९६९) मधील विवाहित नायक एका औषधाच्या अमलाखाली चौदाव्या शतकातील कॉर्नवॉल परगण्यात वावरतो. शरीराने तो विसाव्या शतकातच असतो. त्या काळातील कोणालाही तो दिसत नाही आणि कोणाला स्पर्शही करू शकत नाही. इझोल्डा ह्या स्त्रीने तो झपाटला जातो. पण असा कोणी पुरुष अस्तित्वात आहे, हेच तिला कधी कळत नाही. ज्ञानाची विषमता येथे टोकाला पोहोचते आणि द्यू मॉरिए तिला प्रेम म्हणण्याचे कटाक्षाने टाळते. तिने रंगविले आहे ते एक व्यसन. पत्नीशी बोलताना नायकाच्या स्वरात वाढत जाणारा त्रासिकपणा तिने ज्या बारकाईने टिपला आहे, त्यामुळे ही कादंबरी आजही ताजी वाटते.

जॅक फिनी ह्याची ‘टाइम अँड अगेन’ (१९७०) ही तुलनेने प्रसन्न कादंबरी. शासकीय प्रकल्पात सामील झालेला चित्रकार साय मॉर्ली १८८२ च्या न्यूयॉर्कमध्ये जातो. जुनी छायाचित्रे व रेखाटने ह्यांची जोड दिलेल्या ह्या कादंबरीत शहर हीच खरी प्रेयसी आहे, असे म्हणता येईल. ज्यूलिया ही त्याच्यापुढे काहीशी फिकी पडते. मात्र फिनीने एक गोष्ट न्यायाने केली आहे : ज्यूलियाला तो विसाव्या शतकात आणतो, तिला तो काळ पाहू देतो आणि मग ती आपल्या काळात परत जाते. तिचा निर्णय जाणतेपणाने झालेला असतो. साय ह्याचा शेवटचा निर्णय तेवढा निष्पाप नाही. प्रकल्प मुळातच होऊ नये म्हणून तो त्याच्या प्रवर्तकाच्या आईवडिलांची पहिली भेट टाळतो, म्हणजेच एका सज्जन माणसाला अस्तित्वातूनच पुसून टाकतो आणि ज्यूलियाकडे वळतो. कादंबरीचा सूर ह्या ठिकाणी हलकाच राहतो. अनेक वाचकांना हा शेवट गोड वाटत आला आहे, ही फिनीच्या शैलीची किमया होय.

रिचर्ड मॅथेसन ह्याच्या ‘बिड टाइम रिटर्न’ (१९७५) ह्या कादंबरीला १९७६ चे जागतिक अद्‌भुतिका पारितोषिक (वर्ल्ड फँटसी अवॉर्ड) मिळाले. मेंदूतील अर्बुदामुळे मरणोन्मुख झालेला लेखक रिचर्ड कॉलिअर कॅलिफोर्नियातील एका जुन्या हॉटेलात एलिस मॅकेना ह्या अभिनेत्रीचे छायाचित्र पाहतो आणि आत्मसंमोहनाने १८९६ मध्ये पोहोचतो. मॉड ॲडम्स ह्या अमेरिकन अभिनेत्रीच्या छायाचित्रावरून मॅथेसनला ही कल्पना सुचली. आपल्या खिशातील एक नवे नाणे नजरेस पडताच नायक भूतकाळातून फेकला जातो. इतक्या क्षुल्लक वस्तूने घडणारा वियोग हा ह्या प्रकारातील बहुधा सर्वांत प्रभावी प्रसंग असेल. हस्तलिखित नायकाच्या भावाने प्रसिद्ध केल्याचे दाखवून हे सारे रोगजन्य भ्रमाचे फळ असण्याची शक्यता मॅथेसनने खुली ठेवली आहे. ‘समव्हेअर इन टाइम’ (१९८०) ह्या चित्रपटात ही संदिग्धता जवळजवळ नाहीशी झाली आणि चित्रपटाच्याच नावाने कादंबरी पुढे ओळखली जाऊ लागली. एलिसच्या चरित्राचे वाचन करून नायक तिच्याकडे जातो. त्याच्या दृष्टीने तिचे प्रेम हा घडून गेलेला इतिहास असतो आणि तिने त्याला होकार देणे हे त्याला पुराव्यासारखे वाटते. मॅथेसनचे लेखन इतके आर्त आहे, की ह्यातील बळजोरी वाचकाच्या ध्यानात उशिरा येते.

१९८० नंतर स्त्रीवाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या लोकप्रिय प्रेमकादंबरीने हा विषय उचलला व त्याची दिशा बदलली. तोवर प्रवास करणारा बहुधा पुरुष असे. आता स्त्री प्रवासाला निघाली. ज्यूड डेव्हरॉ हिच्या ‘अ नाइट इन शायनिंग आर्मर’ (१९८९) मध्ये सोळाव्या शतकातील एक सरदार विसाव्या शतकातील दुखावलेल्या तरुणीपुढे प्रकट होतो व पुढे तीही त्याच्या काळात जाते. डायना गॅबल्डन हिच्या ‘आउटलँडर’ (१९९१) ह्या कादंबरीने मात्र ह्या उपप्रकाराचा साचाच घडविला. दुसऱ्या महायुद्धातील परिचारिका क्लेअर ही १९४५ मध्ये स्कॉटलंडमधील उभ्या शिळांमधून १७४३ मध्ये पोहोचते आणि जेमी फ्रेझर ह्या तरुणाशी तिचा विवाह होतो. तीन वर्षांनी होणाऱ्या कलोडनच्या लढाईत (१७४६) स्कॉटिश डोंगराळ प्रदेशातील कुळांचा विनाश ठरलेला आहे, हे तिला ठाऊक असते. ह्या मालेचा नववा खंड २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ पासून तिच्यावर आधारलेली दूरचित्रवाणी-मालिकाही लोकप्रिय झाली. गॅबल्डनचे यश केवळ रंजकतेचे नाही. क्लेअर आपले सत्य जेमीला सांगते, तो तिला त्या शिळांपाशी नेतो व परत जाण्याची मोकळीक देतो, ती राहते. येथे निवड दोघांनीही जाणून केलेली असते. पण ह्याच कादंबरीत आज्ञाभंगाबद्दल जेमी क्लेअरला पट्ट्याने मारतो आणि त्या काळाची रीत म्हणून कथा त्याला सांभाळून घेते. वर्तमानात जो पुरुष क्षम्य ठरला नसता, त्याला दोनशे वर्षे मागे नेऊन क्षम्य ठरविण्याची ही सोय आहे. तिच्यावर आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते अनाठायी नाहीत.

ह्या सोयीचे खरे उत्तर ‘आउटलँडर’च्या बारा वर्षे आधीच लिहिले गेले होते. ऑक्टेव्हिया बटलर हिच्या ‘किंड्रेड’ (१९७९) ह्या कादंबरीला प्रेमकादंबरी म्हणता येत नाही. पण तिच्याशिवाय ह्या प्रकाराचा विचार अपुरा राहतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय लेखिका गुलामगिरीच्या काळातील मेरिलंडमध्ये वारंवार खेचली जाते. तेथील मळेवाल्याचा मुलगा रूफस हा तिचा पूर्वज. त्याला ती प्रत्येक वेळी मृत्यूपासून वाचविते, कारण तिचा वंश त्याच्यापासून चालणार असतो. रूफस ॲलिस ह्या कृष्णवर्णीय स्त्रीवर आपल्या परीने प्रेम करतो. ॲलिसला त्याची शय्या स्वीकारण्यास राजी करण्याचे काम तो डेनावर सोपवितो. आपला जन्म व्हावयाचा असेल, तर ॲलिसवर अन्याय व्हावाच लागेल, हे एकट्या डेनालाच माहीत असते. इतर कादंबऱ्यांत ज्याला ‘विधिलिखित प्रेम’ म्हणून गौरविले जाते, त्याचे मोल कोणी चुकविले, हा प्रश्न बटलरने असा विचारला, की तो नंतरच्या कोणत्याही लेखकाला सहजी ओलांडता आलेला नाही. अखेरच्या परतीत डेना आपला एक हात गमावते. भूतकाळातून कोणी धडधाकट परत येत नाही, असे बटलरला सुचवायचे होते.

चीनमध्ये एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाजालावर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांतून ‘छ्वानयुए’ म्हणजे ‘पलीकडे जाणे’ ह्या नावाने ह्या प्रकाराची मोठी लाट आली. तुंग ह्वा ह्या लेखिकेची ‘बूबू चिंगशीन’ (२००५) ही तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध कृती. आधुनिक काळातील एक नोकरदार तरुणी छिंग राजवटीतील कांगशी सम्राटाच्या दरबारात, एका तरुण मानकरणीच्या देहात जागी होते. सम्राटाच्या मुलांपैकी सिंहासन कोणाला मिळणार, हे इतिहास वाचलेला असल्यामुळे तिला माहीत असते. आठव्या राजपुत्रावरील प्रेमापोटी ती त्याला चौथ्यापासून सावध राहण्यास सांगते. तिच्या ह्या इशाऱ्यातूनच आठवा राजपुत्र चौथ्याविरुद्ध कट रचतो आणि ज्या वैराची तिला भीती होती ते पेटते. दरम्यान तिचे मन चौथ्यावर, म्हणजे भावी यूंगचंग सम्राटावर, जडलेले असते. पुढचे जाणणे ही शक्ती नसून जोखीम आहे, हे सूत्र येथे दरबारी कारस्थानांच्या भाऊगर्दीतही हरवत नाही. ह्या कादंबरीवरील दूरचित्रवाणी-मालिका २०११ मध्ये गाजली. त्याच वर्षी चीनच्या प्रसारण-नियंत्रक खात्याने इतिहासाची हेळसांड करणाऱ्या कालप्रवासी मालिकांविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. प्रेमकथेच्या आडून इतिहासाचे दुसरे वाचन होते, हे खात्याने बरोबर ओळखले होते.

ऑड्री निफेनेगर हिच्या ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ (२००३) ह्या कादंबरीत ज्ञानाची विषमता हाच रचनेचा पाया आहे. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात काम करणारा हेन्री डीटॅम्बल एका जनुकीय विकारामुळे स्वतःच्या इच्छेविरुद्ध काळात इतस्ततः फेकला जातो. तो जेथे पोहोचतो, तेथे विवस्त्र, निर्धन आणि भुकेला असतो. क्लेअर त्याला प्रथम भेटते ती वयाच्या सहाव्या वर्षी. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा व तिचा भावी पती असतो. हेन्री तिला प्रथम भेटतो तो अठ्ठाविसाव्या वर्षी. तेव्हा ती वीस वर्षांची असते, त्याला जन्मभर ओळखत असते आणि त्याला मात्र तिचे नावही ठाऊक नसते. अशा प्रकारे अधिक जाणण्याची पाळी दोघांवरही येते. एका कादंबरीत ही विषमता दोन्ही बाजूंनी अनुभवास आणून देणे, ही निफेनेगरची मोठीच कामगिरी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर तारीख व दोघांची वये दिलेली असतात. ही कोरडी नोंद प्रकरणागणिक अधिकाधिक जड होत जाते.

ह्या कादंबरीवरील गंभीर आक्षेप असा, की क्लेअरची आवडनिवड घडण्यापूर्वीच तिचा पती तिच्या बालपणात शिरलेला असतो. तिने दुसऱ्या कोणावर प्रेम करण्याची शक्यता कधी उरतच नाही. हेन्री संयमाने वागतो, ती अठरा वर्षांची होईपर्यंत थांबतो. पण थांबण्याची तारीखही त्यालाच आधी माहीत असते. निफेनेगरला ह्या दोषाची कल्पना नव्हती असे म्हणता येणार नाही. क्लेअर स्वतः ह्याविषयी कधीकधी कडवटपणे बोलते. तरीही कादंबरीचा एकूण कल नियतीला शरण जाण्याकडे आहे, आणि नियती म्हटले, की जबाबदारीचा प्रश्न मिटतो. ह्याउलट विवाहानंतरचा भाग अस्सल उतरला आहे. रात्री-बेरात्री नाहीसा होणारा पती, वारंवार होणारे गर्भपात, अपत्यासाठी क्लेअरचा हट्ट आणि हेन्रीने तिला न सांगता करून घेतलेली नसबंदी ह्यांच्या वर्णनात कालप्रवासाचा विसर पडतो व दीर्घ आजार असलेल्या कोणत्याही घराचे ते चित्र बनते. हेन्रीच्या मृत्यूनंतर क्लेअर वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्याच्या एका भेटीची वाट पाहते. ‘ओडिसी’मधील पेनेलपीची आठवण येथे मुद्दाम करून दिलेली आहे. फरक एवढाच, की पेनेलपीला पती परतेल की नाही हे माहीत नव्हते. क्लेअरला माहीत असते, आणि म्हणून तिला दुसरे काही करण्याची सवडच मिळत नाही.

अलीकडील कृतींत हा प्रश्न उघडपणे राजकीय झालेला दिसतो. कॅलिआन ब्रॅडली हिच्या ‘द मिनिस्ट्री ऑफ टाइम’ (२०२४) मध्ये ब्रिटिश शासन फ्रँक्लिनच्या १८४५ मधील ध्रुवीय मोहिमेत नाहीसा झालेला ग्रेअम गोर ह्या खऱ्याखुऱ्या नौदल अधिकाऱ्याला एकविसाव्या शतकात आणते व त्याच्यासोबत राहण्यासाठी एका स्त्री-कर्मचाऱ्याची नेमणूक करते. ती त्याच्यावर प्रेम करते आणि त्याच्याविषयी अहवालही लिहिते. प्रेयसी व पाळत ठेवणारी ह्या दोन भूमिका एकाच स्त्रीकडे देऊन ब्रॅडलीने विषमतेला कार्यालयीन रूप दिले. कादंबरीचा उत्तरार्ध मात्र हेरकथेच्या धावपळीत विस्कटतो. अमल एल-मोहतार व मॅक्स ग्लॅडस्टन ह्यांच्या ‘धिस इज हाउ यू लूझ द टाइम वॉर’ (२०१९) ह्या पत्ररूप लघुकादंबरीतील दोन्ही नायिका कालप्रवासीच असल्यामुळे तेथे विषमता जवळपास नाही. त्या कृतीची भाषा अलंकृत आहे आणि ती भाषाच तिचे सर्वस्व आहे.

कालावर्ताच्या कादंबऱ्यांत अडचणीचे स्वरूप पालटते. येथे कोणी कोठे जात नाही. काळच परत येतो. जपानी लेखक यासुताका त्सुत्सुई ह्याची ‘तोकी ओ काकेरु शोजो’ म्हणजे ‘काळातून धावणारी मुलगी’ (१९६७) ही कुमारवाचकांसाठी लिहिलेली कादंबरी ह्या दोन प्रकारांच्या सीमेवर आहे. प्रयोगशाळेतील लव्हेंडरचा वास आल्यानंतर काझुको ही विद्यार्थिनी मागील दिवसांत पोहोचू लागते. तिचा वर्गमित्र म्हणून वावरणारा मुलगा २६६० सालातून आलेला आहे, हे तिला शेवटी कळते. त्याला तिच्याविषयी वाटणारे प्रेम तो बोलून दाखवितो आणि तिच्या मनातील स्वतःची आठवण पुसून निघून जातो. जपानमध्ये ह्या छोट्या कादंबरीची अनेक रूपांतरे झाली. त्यांपैकी १९८३ चा चित्रपट आणि २००६ चा सचेतपट विशेष प्रसिद्ध आहेत.

केन ग्रिमवुड ह्याच्या ‘रीप्ले’ (१९८६) मधील जेफ विन्स्टन १९८८ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने मरतो आणि १९६३ मध्ये अठराव्या वर्षी जागा होतो. असे पुनःपुन्हा घडते. पहिल्या आवर्तनात तो पैज लावून श्रीमंत होतो. पण त्या आयुष्यात त्याला झालेली मुलगी पुढच्या आवर्तनात जन्मलेलीच नसते, आणि तिच्यासाठी शोक करण्यास जगात त्याच्याखेरीज कोणी नसते. पुढे त्याला पॅमेला भेटते. तीही अशीच परत येत असते. दोघांना सारखेच आठवते, म्हणून त्यांचे प्रेम इतर सर्व नात्यांहून खरे होते. मात्र प्रत्येक आवर्तन आधीच्याहून आखूड असते आणि पॅमेलाचा आरंभ जेफच्या बराच नंतर होतो. त्यामुळे तिची वाट पाहण्यात त्याची वर्षे जातात आणि एकत्र राहण्यास उरतो तो काळ आटत जातो. ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) ह्या चित्रपटाने कालावर्ताची कल्पना सर्वतोमुखी केली, पण सोपीही केली. त्यातील नायक एकाच दिवसाच्या असंख्य आवृत्त्यांत नायिकेच्या आवडीनिवडी पाठ करतो. तिच्या लेखी ती पहिलीच संध्याकाळ असते. ही लबाडी फसते, असे दाखवून चित्रपटाने स्वतःला सावरून घेतले. त्याच्या अनुकरणांतून निघालेल्या कित्येक कादंबऱ्यांना तेवढेही भान राहिलेले नाही.

डॅनिश लेखिका सोल्वाय बॅले हिची ‘घनफळाच्या गणनेविषयी’ अशा अर्थाच्या नावाची सात खंडांत योजिलेली कादंबरी (पहिला खंड २०२०) ही कालावर्तावरील आजवरची सर्वांत विचारगर्भ कृती होय. तिच्या पहिल्या तीन खंडांना २०२२ मध्ये नॉर्डिक परिषदेचे साहित्य-पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथांचा व्यापार करणारी तारा सेल्टर ही १८ नोव्हेंबर ह्या एकाच दिवसात अडकते. हॉटेलात न्याहारीच्या वेळी एका पाहुण्याच्या हातून पावाचा तुकडा काल पडला होता तसाच आजही पडतो. तिला हे प्रथम कळते ते त्यावरून. ती फ्रान्सच्या उत्तर भागातील आपल्या घरी परत जाते आणि पती टोमास ह्याला सारे सांगते. तो विश्वास ठेवतो. दिवसभर दोघे मिळून उपाय शोधतात. पहाट होताच तो सर्व विसरतो आणि तिला पुन्हा सांगावे लागते. तिच्या हातावरील भाजल्याची जखम दिवसागणिक बरी होत जाते, तिचे वय वाढते. त्याचे मात्र वाढत नाही. काही महिन्यांनंतर ती सांगणे सोडून देते आणि आपल्याच घराच्या मागच्या खोलीत लपून राहते. त्याच्या पावलांचे, किटलीचे, दाराचे आवाज ऐकत ती दिवस मोजते.

बॅलेने येथे काहीही नाट्यमय घडविलेले नाही. पती क्रूर नाही, त्याचे प्रेम कमी झालेले नाही. रोज सकाळी ते जसेच्या तसे असते आणि तेच तिला सोसवेनासे होते. न बदलणाऱ्या प्रेमाची इच्छा प्रेमकाव्याने शतकानुशतके धरली. ते प्रत्यक्षात कसे असेल, हे बॅलेने दाखविले. तारा जे अन्न खाते, ते दुसऱ्या दिवशी दुकानात परत येत नाही, हा बारकावाही अर्थपूर्ण आहे : काळ थांबला, तरी तिचा उपभोग थांबत नाही, आणि भोवतालची फडताळे रिकामी होत जातात. दुसऱ्या खंडात ती ऋतूंच्या शोधात उत्तरेकडे व दक्षिणेकडे प्रवास करते, कारण एकाच तारखेच्या जगात हिवाळा आणि उन्हाळा ठिकाण बदलूनच मिळवावे लागतात. तिसऱ्या खंडात तिला ह्याच दिवसात अडकलेला दुसरा एक मनुष्य भेटतो. त्याला कालचा दिवस आठवतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना आदल्या दिवसापासून पुढे बोलता येते. तो तिचा पती नाही.